एसी बदलण्याआधी डोक्यावरचा स्लॅब बघा

प्रश्न अकोल्याहून आला आहे. तीन मजली इमारतीतला सगळ्यात वरचा फ्लॅट, १२ बाय १० ची बेडरूम, खिडकी पश्चिमेला. दीड टनाचा तीन स्टार इन्व्हर्टर एसी, चार वर्षं वापरलेला. मे महिन्यात १८ वर लावूनही रात्री बारा-साडेबारापर्यंत खोली गार होत नाही आणि बिल ५०० युनिटच्या वर गेलं. मेकॅनिक म्हणतो गॅस भरा, दुकानदार म्हणतो दोन टनाचा पाच स्टार घ्या. घरी ७८ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्या दुपारभर घरातच असतात, म्हणून ‘एसी कमी लावा’ एवढाच सल्ला नको, असंही ताईंनी लिहिलं आहे.

ताई, सध्या दोन्ही करू नका. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी गच्चीवर करा, मग खिडकीवर, मग आहे त्याच एसीच्या नीट सर्व्हिसिंगवर. नव्या मशीनचा विचार त्यानंतर, आणि तुमच्या बाबतीत बहुतेक तो करावाच लागणार नाही. अमरावती, अकोला, नागपूर या पट्ट्यात वरच्या मजल्यावरच्या घरांची हीच तक्रार मी दर उन्हाळ्यात ऐकतो. सगळे भिंतीवरच्या मशीनकडे बोट दाखवतात, छताकडे कोणी बघत नाही.

आज रात्री नऊ वाजता एवढं करा. स्टुलावर उभं राहून छताला तळहात लावा, नंतर तोच हात आतल्या, म्हणजे दुसऱ्या खोलीला लागून असलेल्या भिंतीला लावा. छत भिंतीपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तुमचा एसी खोलीशी नाही, स्लॅबशी झुंजतो आहे. बेडरूमवरचा स्लॅब पाच इंची धरला तर त्या काँक्रीटचं वजन तीन हजार किलोंहून जास्त भरतं. ते दिवसभर उन्हात तापतं आणि ती उष्णता काही तासांनी आत उतरते. दुपारचं ऊन तुमच्या खोलीत संध्याकाळी पोचतं, नेमकं तेव्हा तुम्ही एसी लावता. एवढं काँक्रीट एक अंशाने गार व्हायला साधारण पाऊण युनिट विजेइतकी उष्णता बाहेर जावी लागते. स्लॅब बारा अंशांनी उतरेपर्यंत नऊ-दहा युनिटइतकी उष्णता सुटते. त्यातली निम्मी वर आकाशाकडे गेली तरी उरलेली निम्मी तुमच्या खोलीतच येणार. दीड टनाचा एसी पूर्ण जोर लावून तासाला सव्वापाच युनिटइतकी उष्णता बाहेर फेकतो. म्हणजे भिंती, खिडकी, माणसं, गाद्या हे सगळं बाजूला ठेवलं तरी जवळपास एक तासाचं पूर्ण काम निव्वळ स्लॅबचं आहे. रात्री बारापर्यंत खोली गार का होत नाही, त्याचं मोठं कारण हे.

तेव्हा ऊन स्लॅबमध्ये शिरूच द्यायचं नाही. सगळ्यात स्वस्त उपाय चुन्याचा. चुना रात्रभर भिजवून गाळायचा, त्यात पांढरं सिमेंट आणि थोडं फेव्हिकॉल घालायचं, गच्ची स्वच्छ झाडून-धुऊन उन्हं उतरल्यावर दोन हात द्यायचे. माल आणि मजुरी धरून हा खर्च साधारण एकदा गॅस भरण्याच्या खर्चाच्या आसपास बसतो. चुना एक उन्हाळा टिकतो, पावसात बराचसा धुऊन जातो. चार-पाच वर्षांचं काम हवं असेल तर बाजारात उष्णता परावर्तित करणारे गच्चीचे पांढरे रंग मिळतात, किंवा पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा चायना मोझॅक करता येतो. त्यात वॉटरप्रूफिंगही साधतं. फक्त एक लक्षात ठेवा, पांढरा रंग पांढरा असेपर्यंतच काम करतो. आपल्याकडे मार्चपासून धूळ उडते, त्यामुळे उन्हाळ्यात अधूनमधून गच्ची झाडून घ्या. आणि कोणी गळतीसाठी डांबराचा काळा थर सुचवला तर त्यावर पांढरं फिनिश असल्याशिवाय होकार देऊ नका. काळी गच्ची म्हणजे तवाच.

हा काही घरगुती टोटका नाही. तेलंगणा सरकारने २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं. अहमदाबादच्या उष्णता कृती आराखड्यातही छतं पांढरी करण्यावर भर आहे.

गच्ची सोसायटीची असते हे मला माहीत आहे. पण चुना मारायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. सचिवांना एक अर्ज द्या आणि फक्त तुमच्या फ्लॅटवरचा भाग रंगवायला परवानगी मागा. वरच्या मजल्यावरचे दोन-तीन फ्लॅटवाले मिळून केलंत तर मजुरीही वाटली जाईल. रंग नको असेल तर लोखंडी पाइपांवर ग्रीन नेट ताणायची, पण ती स्लॅबवर अंथरायची नाही, चार-पाच फूट उंच बांधायची, म्हणजे खालून वारा खेळतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे आणि ती खरोखर काम करते, पाणी वाफ होताना स्लॅबमधली उष्णता घेऊन जातं. पण अकोल्यात उन्हाळ्यात पाण्याची काय अवस्था असते ते तुम्हाला सांगायला नको, म्हणून मी ती सुचवत नाही.

आता पश्चिमेची खिडकी. तुम्ही जाड पडदा लावला असेलच. पण पडदा काचेच्या आत असतो. ऊन काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. आडोसा काचेच्या बाहेर हवा. ग्रिलला बाहेरून बांबूची चिक, ग्रीन नेट किंवा वाळ्याची ताटी बांधा, दुपारी एक वाजल्यापासून सूर्य मावळेपर्यंत ती खाली असू द्या. ग्रिलवर वेल चढवलात तर त्याहून उत्तम. स्लायडिंग खिडकीच्या दोन तावदानांमध्ये आणि खालच्या खाचेत फट असते, तिथे ब्रशसारखी पट्टी मिळते ती बसवून घ्या. बेडरूमला लागून बाथरूम असेल तर त्याचं दार बंद ठेवा. झडपेतून गरम हवा तिथूनच येत असते.

तुम्ही कूलरचा उल्लेख केला नाही, पण अकोल्यातल्या घरात तो नाही असं होत नाही, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो. विदर्भात एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी असते की डेझर्ट कूलर एसीच्या बऱ्याच जवळ जातो, आणि वीज घेतो साधारण दीडशे ते अडीचशे वॅट. दीड टनाचा एसी पूर्ण जोरावर दीड हजार वॅटच्या पुढे घेतो. म्हणून दुपार आणि संध्याकाळ कूलरवर काढायची आणि रात्री झोपताना एसी लावायचा, ही आपल्या भागातली सर्वात किफायती पद्धत. मात्र कूलरसमोरची खिडकी किंवा दार चार बोटं तरी उघडं हवं. हवा बाहेर गेली नाही तर खोली दमट होते आणि कूलर निकामी ठरतो. पॅडमधलं गवत दरवर्षी बदला. जुनं गवत क्षारांनी कडक होतं आणि पाणी धरत नाही.

कूलर आणि एसी एकत्र मात्र कधीही लावू नका. ‘दोन्ही लावले की लवकर गार होतं’ असं समजून हे करणारी बरीच घरं मी पाहिली आहेत. कूलर हवेत पाणी सोडतो, आणि ते पाणी एसीला पुन्हा थेंब करून बाहेर काढावं लागतं. एक लिटर पाणी हवेतून काढायला एसीची साधारण ०.२ युनिट वीज जाते. एसीच्या ड्रेन पाइपखाली बादली ठेवून बघा. मे महिन्यात अकोल्यात रात्रभरात थोडंसंच पाणी जमायला हवं. बादली भरत असेल तर दमट हवा कुठून तरी खोलीत येते आहे. मुंबई-कोकणात मात्र ही बादली भरणारच. तिथे हवेतच पाणी असतं, म्हणून तिथे कूलर चालत नाही आणि पावसाळ्यात एसीचा ड्राय मोड कामाला येतो. तुमच्यासाठी तो मोड मे महिन्यात निरुपयोगी आहे.

आणखी एक गोष्ट, जी जवळपास कोणीच पाहत नाही. कूलर खिडकीत बसवलेला असतो. रात्री कूलर बंद करून त्याच खोलीत एसी लावला की ते खिडकीएवढं भोक तसंच उघडं राहतं. कूलरच्या जाळीतून बाहेरची ३६-३७ अंशांची हवा आत आणि एसीची गार हवा बाहेर. त्या मापाचा प्लायवूडचा किंवा थर्माकोलचा तुकडा कापून ठेवा आणि एसी लावण्याआधी आतून घट्ट बसवा. शक्य असेल तर कूलर हॉलमध्येच ठेवा.

आता १८ चा आकडा. इन्व्हर्टर एसी खोली ठरवलेल्या तापमानाच्या जवळ आली की कॉम्प्रेसरचा वेग कमी करतो, आणि त्याची सगळी बचत तिथेच आहे. खोली ३५ अंशांवर असताना १८ लावा नाहीतर २५ लावा, सुरुवातीला मशीन तेवढ्याच जोराने चालतं. १८ मुळे खोली लवकर गार होत नाही. फरक पुढे पडतो. २५ वर लावलेला एसी दीड-दोन तासांत वेग उतरवतो. १८ वर लावलेला तुमच्या खोलीत १८ ला कधी पोचणारच नाही, म्हणून रात्रभर धावत राहतो. सेटिंग एक अंश वर नेलं की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो म्हणजे बीईई सांगते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून देशात विकला जाणारा प्रत्येक स्टार रेटिंगचा रूम एसी सुरू करताना २४ अंशांवरच उघडतो.

तुम्ही २६ वर लावा आणि छताचा पंखा दोन नंबरवर ठेवा. वाऱ्यामुळे अंगाला दोन-तीन अंश कमी असल्यासारखं वाटतं. ‘पंखा लावला की छताची गरम हवा खाली येते’ ही तक्रार तापलेल्या स्लॅबखाली पहिली पंधरा-वीस मिनिटं खरी असते. तेवढा वेळ पंखा बंद ठेवा, मग लावा. साधा पंखा ७०-८० वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा पंखा तीसच्या आसपास. आपल्याकडे पंखे दिवसरात्र चालतात, तेव्हा पुढचा पंखा घेताना बीएलडीसीच घ्या. पहाटे तीननंतर स्लॅब बराच निवलेला असतो, म्हणून टायमर पाचला बंद होईल असा लावा आणि उठल्याबरोबर सगळ्या खिडक्या सताड उघडा. पहाटे पाच ते सकाळी साडेसात-आठ या वेळात बाहेरची हवा घरापेक्षा हमखास गार असते. आठनंतर पुन्हा सगळं बंद. रात्री एसी लावण्याआधीही दहा मिनिटं खिडकी उघडून, एक्झॉस्ट किंवा पंखा लावून कोंडलेली हवा बाहेर काढा.

हे सगळं माझ्या शब्दावर मानू नका, मीटरवर बघा. एक रात्र १८ वर, दुसरी रात्र २६ आणि पंखा. दोन्ही रात्री दहाला आणि सकाळी सहाला मीटरचं रीडिंग कागदावर लिहा. फ्रिज दोन्ही रात्री सारखाच चालतो, त्यामुळे दिसणारा फरक जवळपास एसीचाच असतो. दोन रात्री लागोपाठच्या आणि सारख्याच गरम असाव्यात, एवढंच.

बिलाचं गणितही इथेच समजून घ्या. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात, १०० पर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे सगळ्यात महाग. दिवे, फ्रिज, पंखे, टीव्ही बाराही महिने चालतात आणि खालचे टप्पे भरतात. एसीचे युनिट त्यावर चढतात, म्हणून ते महागड्या टप्प्यातले असतात. उलटंही तसंच आहे. वाचवलेलं प्रत्येक युनिट सगळ्यात वरच्या दराने वाचतं.

आता मेकॅनिकच्या गॅसकडे येऊ. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो आणि कमी झाला तर याचा अर्थ एकच, कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा भरणं. आधी फिल्टर धुऊन काढा, एसी अर्धा तास पूर्ण जोरावर चालवा आणि साधं थर्मामीटर घेऊन मशीनमध्ये वरून शिरणाऱ्या आणि खालून बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान मोजा. फरक आठ ते बारा अंश असेल तर गॅस ठीक आहे आणि विषय संपला. फरक कमी असेल तर बाहेरच्या युनिटपाशी जा. बारीक नळीवर बर्फ धरलेला असेल, किंवा नट जोडलेल्या जागी तेलकट डाग असेल, तर गळतीची शंका खरी. मग साबणाच्या पाण्याने गळती शोधायची, ती बंद करायची, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांमधली हवा-ओल काढायची आणि बाहेरच्या युनिटवरच्या पाटीवर छापलेल्या वजनाइतकाच गॅस वजनकाट्यावर भरायचा. ‘अंदाजाने भरतो’ म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. अलीकडच्या बहुतेक एसीत आर-३२ असतो, काहींत आर-२९०. हे दोन्ही पेटू शकतात, आर-२९० तर स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचाच आहे. आत गॅस असताना वेल्डिंगची ज्योत लावणं जिवावर बेतू शकतं.

माझा अंदाज आहे की तुमचा गॅस ठीक निघेल आणि दोष बाहेरच्या युनिटच्या जागेत सापडेल. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, अकोल्यात ४५ असतं, म्हणजे मशीन आधीच लेबलवरच्यापेक्षा कमी थंडावा देतं आणि जास्त वीज घेतं. त्यात ते युनिट बंदिस्त बाल्कनीत असेल, समोर भिंत असेल किंवा कोणी त्याला पत्र्याची पेटी केली असेल, तर ते स्वतःचीच फेकलेली गरम हवा पुन्हा ओढतं, आणि त्याच्यासाठी ४५ चे ५० होतात. समोर तीन-चार फूट मोकळी जागा ठेवा, वर सावली करा पण हवेची वाट अडवू नका. मागची जाळी उन्हाळ्याआधी पाण्याने धुऊन घ्या. धूळ आणि कबुतरांची पिसं तिथे चिकटतात. नळ्यांवरचं काळं फोमचं वेष्टन उन्हाने फाटलं असेल तर नवीन लावा, आणि दोन्ही नळ्यांना लावा. स्प्लिट एसीत सहसा बारीक नळीही गारच असते, तरी पुष्कळ मेकॅनिक ती उघडी सोडतात. आतला फिल्टर आपल्या धुळीत दर पंधरा दिवसांनी धुवायलाच हवा.

दोन टनाचं काय? १२ बाय १० च्या खोलीला स्लॅबवर चुना आणि खिडकीला बाहेरून आडोसा असेल तर दीड टन भरपूर आहे. पाच स्टारचा फायदा खरा आहे. जुलै २०२२ च्या निकषांत तीन स्टारला आयएसईईआर, म्हणजे एक युनिट विजेत एसी किती युनिट उष्णता बाहेर काढतो तो हंगामभराचा आकडा, किमान ३.८ आणि पाच स्टारला ५ होता. म्हणजे तेवढ्याच थंडाव्याला साधारण २४ टक्के कमी वीज. पण तेवढी बचत तुम्हाला सेटिंग १८ वरून २६ वर नेऊन पंखा लावल्याने एक रुपया न घालता मिळते. नवीन घ्याल तेव्हा नुसते तारे मोजू नका. निकष काही वर्षांनी कडक होतात, म्हणून लेबलवरचं वर्ष आणि आयएसईईआरचा आकडा बघा. लेबलवर वर्षाचे युनिट १६०० तासांच्या वापरावर दिलेले असतात. दोन मॉडेलमधला युनिटचा फरक तुमच्या वरच्या टप्प्याच्या दराने गुणा आणि किमतीतल्या फरकाशी ताडून बघा.

सासूबाईंबद्दल मला वेगळं सांगायचं आहे. त्यांच्यावर बचत करू नका. उतारवयात तहान कमी लागते, उकाडाही उशिरा जाणवतो, त्यामुळे ‘मला काही होत नाही’ म्हणणारी म्हातारी माणसंच आधी आडवी होतात. ४० च्या वरच्या कोरड्या हवेत नुसता पंखा त्यांच्या अंगावर गरम झळच मारतो. दुपारी बारा ते पाच त्यांना घरातल्या सर्वात गार खोलीत बसवा. तुमच्या घरात ती बहुधा पूर्वेची किंवा उत्तरेची असेल, पश्चिमेची बेडरूम नव्हे. तिथे कूलर लावा, आणि ज्या दिवशी कूलरनेही भागत नाही त्या दिवशी एसी २६-२७ वर खुशाल लावा. त्या विचारोत न विचारोत, तासाला पाणी किंवा ताक हातात द्या. बोलण्यात गोंधळ, अंग तापलेलं, ग्लानी असं काही दिसलं तर ओल्या कापडाने अंग पुसत, वारा घालत ताबडतोब १०८ ला फोन करा.

गच्चीचं काम आत्ता मे महिन्यात केलंत तरी त्याचा उपयोग याच महिन्यात होईल. पण पुढच्या वर्षी चुना आणि एसीची सर्व्हिसिंग दोन्ही फेब्रुवारीअखेर उरका. तेव्हा मजूर मोकळे असतात आणि मेकॅनिकला नळ्यांचे नट तपासत बसायला वेळ असतो. मे महिन्यात त्याला दिवसभर घरं धावायची असतात आणि तो गॅस भरून निघून जातो.